पुसलेला श्री

माझ्या फोनवर '॥' ही खूण कुठं आहे, ते मी डोळे झाकून सांगू शकतो. आधी आकड्यांचं पान उघडायचं, तिथून चिन्हांच्या पानावर जायचं, आणि एका उभ्या रेघेवर बोट टेकवून धरायचं. थोडा वेळ काहीच होत नाही. मग वर एक चिमुकली पट्टी उघडते आणि तिच्यात दोन रेघा शेजारी शेजारी उभ्या असतात. बोट न उचलता तसंच सरकवत तिथं न्यायचं आणि मग सोडायचं. मध्येच बोट उचललं गेलं की पट्टी मिटते आणि पहिल्यापासून सगळं.

हे आधीच सांगून टाकतोय, कारण आमच्या घरात सगळ्यांना वाटतं की त्या दिवशी मला ती खूण सापडली नव्हती. तसं मीच सांगितलं होतं.

माझं बारामतीत औषधांचं दुकान आहे. आईवडील बावड्याला, शेतातल्या घरात. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांना ऐकू येणं हळूहळू बंद झालं. आधी फोनवरचं कळेना, मग समोरचंही. कानातलं मशीन आणून दिलं, ते त्यांनी गाईच्या दाव्याशेजारच्या खुंटीला अडकवून ठेवलं. म्हणाले, "त्यात नुसता वारा ऐकू येतो." मग मी त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाईल दिला. मी लिहायचं आणि त्यांनी वाचायचं. त्यांनी मात्र लिहायचं नाही, बोलायचं. बोलणं भरून पाठवायची सोय असते ना, ती. पण त्यांची बोटं पडद्याला कळत नसत. जन्मभर कासरा आणि खुरपं धरलेली बोटं, टोकांना घट्टे पडलेले. पडद्याला ते माणसाचं बोट वाटायचंच नाही. मग ते पोथीचं पान उलटावं तसं बोट जिभेला लावत आणि दाबून धरत. मध्येच बोट वाळलं की आवाज तुटे.

"व्हय, वाचलं. पावसाचं हितं काय खरं न्हाय. औतवाल्याला सांगितलंय पर तो म्हणतोय की—" संपलं. मग दुसरा तुकडा, "—म्हणतोय की उद्या येतो. ह्यो मधीच गप का बसतुया?"

तर हा फोनच त्यांचा कान झाला होता. त्याला त्यांनी एकच अट घातली. लिहिताना वर '॥ श्री ॥' घालायचा.

"आन् न्हाय घातला तर?" मी हाताच्या खुणेनं विचारलं होतं.

"तर मी वाचणार न्हाय. समजून घीन."

ह्याच्यामागं आमच्या घरातली एक गोष्ट आहे. आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती. पणजोबा कळप घेऊन महिनोन्महिने परमुलखात असत. गावाकडचं कार्ड वाटेवरच्या एखाद्या ओळखीच्या दुकानात येऊन पडायचं. कळपातल्या कुणालाच वाचता येत नसे, पण कार्डाकडं बघायचं कसं ते सगळ्यांना माहीत असे. डोक्यावर श्री आहे ना, चारी कोपरे शाबूत आहेत ना, एवढं बघायचं. असतील तर सगळं ठीक. मग वाचणारा भेटेपर्यंत कार्ड मुंडाशात राहिलं तरी चालायचं. श्री नसला, कोपरा फाडलेला असला, की कुणीतरी गेलं. अशुभाच्या पत्राला श्री लिहीत नसत. एकदा तसं कार्ड आलं तेव्हा पणजोबांनी ते कुणाकडूनही वाचून घेतलं नाही. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली आणि चालत निघाले. कोण गेलं ते त्यांना घराच्या दारात समजलं. तात्या तेव्हा लहान होते, त्यांच्याबरोबरच चालत होते. वाटेत त्यांनी विचारलं, "आबा, वाचून तरी घ्यायचं." तर पणजोबा म्हणाले, "वाचलं तर पुढं चालवायचं न्हाय."

तात्या शाळेत गेले, वाचायला शिकले, पण ही रीत त्यांनी सोडली नाही. मला ती लहानपणापासून ठाऊक होती. ठाऊक नव्हती असं म्हणायला मला जागा नाही.

आईला मी बारामतीला आणलं ते पोटदुखीसाठी. जाऊन येऊ, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण पित्ताच्या पिशवीत खडे होते, पू झाला होता, आणि डॉक्टर म्हणाले की थांबण्यात अर्थ नाही, पिशवी काढावी लागेल. आईला साखर, त्यात हृदयाचे ठोके मागंपुढं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि आम्ही औषधवाले जो आवाज ओळखतो त्या आवाजात म्हणाले, "घरच्या सगळ्यांशी एकदा बोलून घ्या."

आईनं तर सरळ सांगितलं, "त्यास्नी येऊ दे. त्यांच्या माघारी मी पोट फाडून घेणार न्हाय."

मी तात्यांना सगळं लिहिलं, दवाखान्याचं नावसुद्धा. वर श्री घालून. त्यांचा आवाज आला, "व्हय. पर गाय व्यायला टेकलीया, आज-उद्याचं हाय तिचं. ती मोकळी झाली की—" मग दुसरा तुकडा, "—की येतो म्हणलं. हिला म्हणावं घाबरू नगंस."

मी परत लिहिलं. त्यांनी परत गाईचं सांगितलं. त्यांची चूक नव्हती. मी वर श्री घालत होतो, म्हणजे सगळं ठीक होतं. खाली मी काहीही लिहिलं तरी श्री त्यांना सांगत होता, की सवडीनं ये.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आईला थंडी वाजून आली. अंग तापलं, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. मला तिनं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारली. नर्सबाई पळत आल्या. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभा राहिलो. मी दिवसभर दुसऱ्यांच्या आजाराची औषधं काढून देतो; पण त्या सकाळी मला एकट्याला काहीही ठरवायचं नव्हतं. मला माझा बाप तिथं हवा होता. खरं तेवढंच होतं.

माझ्या उजव्या अंगठ्याला जखमेची पट्टी होती. आदल्या दिवशी खोका उघडताना ब्लेड लागलं होतं. पट्टीचा अंगठा पडद्याला चालत नाही, म्हणून डाव्या हातानं लिहायला घेतलं. हात घामेजलेला, एक अक्षर दाबलं की शेजारचं उमटायचं. तरीही मी नेहमीच्या सवयीनं आधी रेघ शोधली, बोट धरून ठेवलं, पट्टी उघडली, '॥ श्री ॥' लिहिला. सापडला. पहिल्या प्रयत्नात सापडला. खाली लिहिलं, "आईला बघायला लगेच या."

मग मी त्या श्रीकडं बघत राहिलो. हा वर असेपर्यंत ते येणार नाहीत, हे मला दिसत होतं.

मी वरच्या ओळीवर बोट टेकवलं, ती लुकलुकणारी रेघ ओळीच्या शेवटी नेली आणि पुसायचं बटण दाबलं. श्री एकदम पुसला जात नाही. मागच्या रेघा गेल्या, मग वेलांटी गेली. मग र गेला. पाय मोडका श राहिला, मग नुसता श, मग तोही आणि पुढच्या रेघाही गेल्या. प्रत्येक वेळी नव्यानं दाबावं लागतं. प्रत्येक वेळी थांबता येत होतं. तोंडानं खोटं बोलायचं असतं तर माझी जीभ अडखळली असती, पण इथं काही बोलायचं नव्हतंच. लिहिलेलं थोडंसं काढायचं होतं.

पाठवला. दोन खुणा उमटल्या, म्हणजे निरोप पोचला. वाचल्यावर होतात तशा त्या निळ्या मात्र झाल्या नाहीत. पडद्यावर वरवर जेवढं दिसतं तेवढंच त्यांनी बघितलं असणार. श्री नव्हता. पुढं उघडायची त्यांना गरज नव्हती.

आईचा ताप औषधानं तासाभरात उतरला. तिनं चहा मागितला. बशीत ओतून फुंकर मारत पिताना म्हणाली, "ह्यात साखर का न्हाय?" आणि तिचं ते नेहमीचं कुरकुरणं ऐकलं तेव्हा मी भानावर आलो. हे मी काय करून बसलो?

मी लगेच लिहिलं. '॥ श्री ॥ आई बरी आहे. चहा प्याली.' खुणा निळ्या होईनात. पुन्हा लिहिलं. '॥ श्री ॥ तात्या, आई बरी आहे.' फोन लावला. ऐकू येत नाही हे माहीत असून लावला, निदान पडदा उजळलेला तरी दिसेल म्हणून. शेवटी शेजारच्या चुलतभावाला लावला.

"तात्या? तात्या कवाच गेलं की दादा."

"कुठं गेले?"

"मला काय म्हाईत. म्हणलं, गाय बघ. मी इचारलं, काकी बरी हाय न्हवं? तर नुसता हात हलवला नि रस्त्याला लागलं. पायात वहाण बी जुनीच हुती."

"आणि फोन? फोन त्यांच्याजवळ आहे ना?"

"फोन देव्हाऱ्यात ठिवलाय की. मगाधरनं तितं वाजतुया. तूच लावतुयास व्हय रं?"

त्यानंतरचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. बावड्याहून इंदापूरला यायचं, तिथून बारामतीची गाडी धरायची. इंदापुरात हमरस्ता आहे. तिथं गाड्या हॉर्न देतात आणि माणसं बाजूला होतात. तात्यांना हॉर्न ऐकू येत नाही. एरवी ते रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरतात. आज कुणाला हात मागतील? त्यांच्या डोक्यात आज काय असेल? बायको गेली आणि मी गाईपाशी बसलो, हेच ना? मला ते एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलेले दिसायला लागले. मग कंडक्टर त्यांना हलवतोय आणि ते हलत नाहीत, असंही दिसायला लागलं.

मी स्टँडवर गेलो. इंदापूरची प्रत्येक गाडी रिकामी होईपर्यंत दारात उभा राहिलो. इंदापुरातल्या ओळखीच्या एका औषधवाल्याला फोन केला, जरा स्टँडवर बघ म्हणालो, धोतर, टोपी, उंच, सावळे, ऐकू येत नाही. तो म्हणाला, "अहो, धोतर-टोपीतले उंच सावळे म्हातारे हितं बाकड्याबाकड्यावर हायत. कुणाच्या कानात ओरडू?" मी हसल्यासारखं केलं. तो गेला, बघून आला, म्हणाला दिसत नाहीत. मग चाचरत म्हणाला, "सरकारी दवाखान्यात चौकशी करू का?" मी नको म्हणालो. त्याला त्रास नको म्हणून नाही. मला ऐकायचं नव्हतं. वाचलं तर चालवत नाही, ते मला त्या वेळी कळलं.

दवाखान्यात परत आलो. माझी बायको आईच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, "तात्या निघाले तर असे न सांगता कसे निघाले? तुम्ही काय लिहिलं होतं?"

"लगेच या म्हणून लिहिलं. वर श्री घालायचा राहिला."

"राहिला म्हणजे?"

मी पट्टीचा अंगठा तिला दाखवला. "दाबलाच जात नव्हता. खूण सापडेना."

पहिल्यांदा मी खोटं तिथं बोललो. किती सहज बोललो! ती कपाळावर हात मारून म्हणाली, "देवा! आग लागो तुमच्या त्या फोनला!"

मी परत पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. रिक्षा येत होत्या, त्यातून म्हातारी माणसं उतरत होती, प्रत्येक टोपी मला तात्यांची वाटत होती. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, मागल्या दाराला एक आबा बसल्यात कवाधरनं. काय इचारलं तर बोलतच न्हाईत. तुमचं हायत का?"

मागच्या दाराशी शववाहिका उभी असते. ज्यांचं माणूस गेलंय ते तिथं थांबतात, कारण न्यायचं तिथूनच असतं. मी पुढच्या दाराकडं डोळे लावून बसलो होतो. ते पुढच्या दाराला आलेच नव्हते. आल्या आल्या सरळ मागं गेले होते आणि बंद दाराकडं तोंड करून पायरीवर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. दोन्ही हात तिच्यावर.

"तात्या!" मी ओरडलो. ऐकू गेलं नाही. पुढं जाऊन खांद्याला हात लावला. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "कवा न्यायचं?"

"आई बरी आहे! तात्या, आई बरी आहे!" मी इतक्या जोरात ओरडत होतो की खिडक्यांतून लोक डोकावले. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग मान हलवली, नाही अशी. "श्री नव्हता," ते म्हणाले.

"सापडला नाही," मी म्हणालो. आणि पट्टीचा अंगठा पुढं केला.

त्यांनी माझा अंगठा हातात घेतला. उलटा-सुलटा करून बघितला. "लागलं व्हय रं? लई?"

त्या क्षणाला मी सांगायला हवं होतं. मी मान हलवली, लई नाही अशी, आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. ते उठेनात. मी आणि मावशींनी मिळून त्यांना वॉर्डात आणलं.

आई उशीला टेकून बसली होती. तिनं त्यांना बघितलं, मग त्यांच्या छातीशी धरलेली पिशवी बघितली. "काय आणलंय?"

त्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली. आईनंच पिशवी ओढून घेतली. आत नवी हिरवी साडी होती, कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाच्या पुड्या. अहेवपणी जाणाऱ्या बाईला जे नेसवतात ते सगळं. इंदापुरात उतरून, त्या हमरस्त्यावरून चालत, एकट्यानं त्यांनी हे घेतलं होतं. दुकानदाराला काय सांगितलं असेल, मी आजवर विचारलेलं नाही.

आईला सगळं समजलं. तिनं साडीची घडी थोडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं. "रंग बरा हाय," ती म्हणाली. "काठ जरा रुंद पायजे हुता. मी जित्ती हाय तवर इचारून तरी आणायचं." आणि मग रडली. बायको रडली. तात्यांना काही ऐकू आलं नव्हतं, ते नुसते तिच्या पायावर हात ठेवून उभे होते.

ऑपरेशन पार पडलं. आई घरी गेली ती तीच साडी नेसून. गाय त्याच दिवशी दुपारी व्याली होती, चुलतभावाच्या हातावर. पुढं ही गोष्ट आमच्या भावकीत हसत हसत सांगितली जायला लागली. पाव्हण्यात बसलं की कुणीतरी म्हणायचं, "ह्याच्या मोबाईलला श्री घावना, आन् तात्या लुगडं घिऊन हजर!" मीही हसायचो. प्रत्येक वेळी अंगठा खिशात घालून.

भीती तिथं संपेल असं वाटलं होतं. पण मी रोज सकाळी लिहायचो, वर श्री घालायचो, परत परत बघायचो राहिला नाही ना, आणि खुणा निळ्या होईपर्यंत माझं दुकानात लक्ष लागायचं नाही. त्या निळ्या व्हायच्या, पण तिकडून तात्यांचा आवाज यायचा बंद झाला. आता आईच बोलायची, "बरं हाय आमचं. तुमी जेवला का?"

गेल्या पंधरवड्यात बावड्याला गेलो तेव्हा बघितलं. तात्यांचा फोन देव्हाऱ्यात, पालथा घालून ठेवलेला.

"ते हात लावत न्हाईत," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "मीच उघडते. म्हणत्यात, श्री असला तरी काय आन् नसला तरी काय, त्यातलं खरं कुठलं ते कळत न्हाय."

ती सहज म्हणाली. मला मात्र बसवेना. ऐकू येत नसलेल्या माणसाचा एकच कान उरला होता, तो मी बंद केला होता. आणि ते बिचारे दोष त्या यंत्राला देत होते.

तात्या गोठ्याजवळच्या बाजेवर बसले होते. त्यांना हे ओरडून सांगणं शक्य नव्हतं, आईला ऐकू गेलं असतं. मी देव्हाऱ्यातला फोन घेतला, त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्याच फोनवर, मला निरोप पाठवायच्या जागेत, लिहायला लागलो. बोट मध्येच उचललं जायचं आणि पट्टी मिटायची. '॥ श्री ॥' लिहिला. खाली लिहिलं, "तात्या, त्या दिवशी श्री सापडला होता. मी लिहिला होता. मग मीच पुसला. तुम्ही यावं म्हणून." आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. परत वरून वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकत नव्हतो, म्हणून त्यांच्या घट्टे पडलेल्या बोटांकडं बघत होतो. ती हलली नाहीत.

मग ते बोलले. बहिऱ्या माणसाचं बोलणं मोठं असतं. "भ्यालतास व्हय?"

मी मान हलवली.

आतून आईनं विचारलं, "कोण भ्यालंय?"

"कोणी नाही!" मी ओरडलो.

तात्या वासराकडं बघत राहिले. ते आता चांगलं थोराड झालं होतं, दाव्याला हिसके देत होतं. "मी बी भ्यालतो," ते म्हणाले. जरा हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू. मग फोन माझ्या हातात दिला. "पूस ते. ही बघती ह्यात. तुला पुसाया येतंय."

ते रागानं म्हणाले की नुसतं सांगितलं, मला अजून उमगलेलं नाही. मी खालून वर पुसत गेलो. शब्द गेले, ओळी गेल्या. श्रीपाशी आलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेवढा ऱ्हाऊ दे."

त्यांनी फोन परत घेतला. पाठवायच्या खुणेवर बोट ठेवलं. पडद्याला ते कळलं नाही. पुन्हा ठेवलं. मग बोट जिभेला लावलं, धोतराला टिपलं आणि दाबलं.

माझ्या खिशात फोन थरथरला. त्यात काय आहे ते मी आत्ताच, माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी तो बाहेर काढायला मला वेळ लागला.